फेटचं सर्किट किट: तारेच्या आतली धारा दिसते तेव्हा

सातपूरच्या एका मराठी शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. धाराविद्युत आलं की एक समज दरवर्षी हमखास भेटतो: बल्ब पेटला म्हणजे त्यात धारा संपते, पुढच्या तारेत कमी उरते. फळ्यावर कितीही बाण काढा, तो जात नाही. फेटच्या सर्किट किटने, म्हणजे संगणकावर परिपथ (सर्किट) जोडून पाहायच्या सिम्युलेशनने, तो माझ्या वर्गातून घालवला, म्हणून हे लिहितेय.

फेट हा अशी सिम्युलेशन्स बनवणारा, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. सगळं मोफत आहे आणि बरंच काही मराठीतही मिळतं.

पडद्यावर बॅटरी, बल्ब, तारा ओढून मुलं स्वतः परिपथ जोडतात. जोडणी पुरी झाली की तारेतून निळे इलेक्ट्रॉन सरकू लागतात. ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचा बल्ब घेतला, तर धारा मोजणारा अ‍ॅमीटर बल्बच्या अलीकडे ०.९० अँपिअर दाखवतो आणि पलीकडेही ०.९०च. एकसर जोडणीत (एकापुढे एक) तसाच दुसरा बल्ब घाला, सगळीकडे ०.४५ होतं आणि सगळेच इलेक्ट्रॉन एकदम मंदावतात. मागच्या बाकावरची एक मुलगी अ‍ॅमीटर पूर्ण तारेवरून फिरवत गेली आणि ओरडली, "मॅडम, कुठंच कमी होत नाहीये!" हे तिला मी सांगितलं नव्हतं.

शाळेत आधी विकत घेतलेला अ‍ॅनिमेशनचा संचही आहे. रंगीत, संगीत लावलेला, निवेदक बोलतो तीच वाक्यं खाली लिहूनही येतात. मुलांचे डोळे वाचण्यात गुंततात आणि तोवर चित्र पुढे निघून जातं. "आता बल्ब काढला तर?" असं विचारायला त्यात जागाच नाही. हलणारं चित्र मुलाच्या हाताने हललं पाहिजे, एवढं माझं ठाम मत झालंय.

फेटमध्ये उणिवाही आहेत. खऱ्या तारेत इलेक्ट्रॉन फार सावकाश, सहसा सेकंदाला एक मिलिमीटरही न सरकणारे. पडद्यावर ते पळताना दिसतात. हे शिक्षकाने सांगायलाच हवं. मोबाइलवर तारेची टोकं बोटाने नीट जुळत नाहीत, त्यामुळे संगणकच बरा. आणि सैल जोडणी, गंजलेलं टोक हे पडद्यावर कधी येत नाही, म्हणून मेन रोडवरून आणलेले सेल आणि छोटे बल्ब मी त्याच तासाला टेबलावर ठेवते.

नेट सारखं बंद पडणाऱ्या शाळांसाठी एक सोय मोलाची: फाइल उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालते. दहावीसाठी त्यातली 'व्हर्च्युअल लॅब' आवृत्ती घ्या. तिच्यात अ‍ॅमीटर नुसता तारेवर धरून चालत नाही, परिपथ तोडून मध्ये जोडावा लागतो, अगदी प्रयोगशाळेतल्यासारखा.