चाचणी अहवाल खरा, बसवलेली काच वेगळी

आमच्या बंदिस्त क्रीडागृहाला बसवलेली काच आम्ही मंजूर केलेली नव्हती, हे हँडबॉलचा चेंडू लागून एक तावदान फुटले तेव्हा उघड झाले. निविदेत बाहेरून टफन्ड (उष्णता देऊन कणखर केलेली) आणि खेळाच्या बाजूने लॅमिनेटेड अशी दुहेरी काच मागितली होती. लॅमिनेटेड काच तडकली तरी तुकडे मधल्या पीव्हीबी या प्लास्टिकच्या थराला चिकटून राहतात. येथे मात्र जमिनीवर सुरीसारखे लांब, टोकदार तुकडे पडले. टफन्ड काचेचा बारीक, बोथट कणांचा चुरा होतो, त्यामुळे ही काच टफन्डही नव्हती, साधीच होती. त्या क्षणी तेथे एकही मूल नव्हते हे नशीब, आणि मुलांची सुरक्षितता अशी नशिबावर सोडली गेली याचा संताप अजून शमलेला नाही.

पुरवठादाराने दिलेला चाचणी अहवाल बनावट नव्हता, आणि फसवणूक नेमकी तेथेच लपली होती. डीआयएन 18032 या जर्मन मानकातील चाचणीत हँडबॉल आणि हॉकीचा चेंडू काचेवर वारंवार मारला जातो. परंतु तो निकाल त्याच जाडीच्या, त्याच थरांच्या आणि त्याच पद्धतीने चौकटीत बसवलेल्या काचेपुरताच असतो. अहवालातील रचना आणि आमच्या भिंतीतील रचना यांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. मंजुरीसाठी दाखवलेला नमुना मात्र अहवालाबरहुकूम होता, म्हणजे अदलाबदल जाणूनबुजून केलेली होती.

त्यानंतर उरलेली तावदाने तपासली. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाचे नाव आणि मानकाचा क्रमांक कायमस्वरूपी उमटवलेला असतो. आमच्याकडची खूण ओल्या फडक्याने निघून आली. काचेसमोर लायटर पेटवून धरल्यास दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबे दिसतात आणि उष्णतारोधक लो-ई कोटिंग असल्यास त्यांपैकी एकाचा रंग वेगळा असतो. आमची चारही एकाच रंगाची होती, म्हणजे ज्या कोटिंगचे पैसे घेतले गेले ते लावलेलेच नव्हते. बाजूने मोजता येत नसली तरी प्रत्येक थराची जाडी सांगणारे लेसर जाडीमापक मिळते, ते प्रत्येक तावदानाला लावून पाहावे. माहितीपत्रकातील यू-मूल्यही (खिडकीतून किती उष्णता जाते याचे माप, जितके कमी तितके चांगले) केवळ काचेच्या मध्यभागाचे होते. चौकट धरली की ते बरेच बिघडते, आणि क्रीडागृहाला उपयोगाचे असते ते संपूर्ण खिडकीचे मूल्य.

टफन्ड काच निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणांमुळे कोणताही आघात नसताना फुटू शकते, म्हणून तिला हीट सोक चाचणीत 260 ते 290 अंश सेल्सिअसच्या भट्टीतून काढतात, म्हणजे सदोष काच तेथेच फुटते. आम्हाला त्याबद्दल केवळ लेटरहेडवरचे आश्वासन मिळाले होते. भट्टीच्या तापमानाची नोंद, तीही आपल्याच मालाच्या क्रमांकासह, हाती आल्याखेरीज हे काम झाले असे धरू नये.

नव्या करारात आम्ही प्रत्येक खेपेतील एक टफन्ड काच आमच्यासमोर फोडण्याची अट घातली आहे: 4 ते 12 मिलिमीटर जाडीच्या काचेच्या 50 बाय 50 मिलिमीटर चौकोनात किमान 40 तुकडे मोजले गेले नाहीत, तर ती संपूर्ण खेप परत जाईल.