स्क्रम गाइड आणि स्क्रम ओपन: फुकटची शिकवणी कुठवर पुरते?

पंधरा पानांच्या आतली एक पीडीएफ, म्हणजे स्क्रम गाइड, आणि तीस प्रश्नांची एक ऑनलाइन चाचणी, म्हणजे स्क्रम ओपन. अजाइलचा, म्हणजे काम छोट्या टप्प्यांत करून प्रतिसादाप्रमाणे बदलत नेण्याच्या पद्धतीचा, पाया घालायला एवढंच बास, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. दोन्ही गोष्टी मोफत आहेत, त्यामुळे खिशाला चाट नाही. चाट बसते ती वेळेला, आणि तीही चुकीच्या क्रमाने अभ्यास केला तर.

आधी गाइडबद्दल, म्हणजे स्क्रम या अजाइलमधल्या एका कार्यपद्धतीच्या अधिकृत नियमावलीबद्दल. स्क्रमचे जनक केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी ते पहिल्यांदा 2010 मध्ये काढलं, सध्याची आवृत्ती नोव्हेंबर 2020 ची. ही तारीख लक्षात ठेवायलाच हवी, कारण इंटरनेटवरच्या बऱ्याच नोट्स अजून 2017 च्या आवृत्तीवर उभ्या आहेत. डेली स्क्रममध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, प्रत्येकाने 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' ही तीन उत्तरं द्यायची, असं एखादी नोट शिकवत असेल, तर ती शिळी आहे. 2020 मध्ये ते तीन प्रश्न काढून टाकले. 'डेव्हलपमेंट टीम' ही टीमच्या आतली वेगळी टीमही गेली. आता एकच स्क्रम टीम आणि तिच्यात तीन जबाबदाऱ्या: प्रॉडक्ट ओनर (काय करायचं आणि कोणत्या क्रमाने हे ठरवणारा), स्क्रम मास्टर (स्क्रम नीट पाळला जातोय हे बघणारा), डेव्हलपर्स (प्रत्यक्ष काम करणारे). टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांची. प्रॉडक्ट गोल, म्हणजे प्रॉडक्टचं दूरचं उद्दिष्ट, ही कल्पनाही याच आवृत्तीत आली.

गाइडची भाषा कोरडी आहे, उदाहरणं जवळपास नाहीत. हे वैगुण्य वाटतं, पण नियमावली म्हणून पाहिलं तर तेच बलस्थान आहे. एकही शब्द उगाच पडलेला नाही. बॅकलॉग, म्हणजे उरलेल्या कामांची यादी, 'प्राधान्यक्रमाने लावलेला' असा उल्लेख पूर्वी होता, 2011 पासून नुसता 'क्रमाने लावलेला'. फरक बारीक वाटतो, पण कामाचा आहे. एखादं काम कमी मोलाचं असूनही वर येऊ शकतं, कारण त्याच्याशिवाय खालचं मोठं काम सुरूच होत नाही किंवा त्यातली जोखीम लवकर तपासायची असते. पहिल्या वाचनात हे हमखास निसटतं. म्हणून गाइड एकदा सरळ वाचावं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, आणि तिसऱ्यांदा चाचणी देऊन झाल्यावर.

वेळेच्या मर्यादा पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. स्प्रिंट म्हणजे एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीचा कामाचा ठरलेला टप्पा. एक महिन्याच्या स्प्रिंटसाठी प्लॅनिंग (कामाची आखणी) जास्तीत जास्त 8 तास, रिव्ह्यू (झालेल्या कामाची पाहणी) 4 तास, रेट्रो (कामाच्या पद्धतीचा आढावा) 3 तास. स्प्रिंट लहान असेल तर या बैठका सहसा लहान होतात. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला बरोबर निम्मा वेळ, असं गणित गाइडमध्ये कुठेही नाही. डेली स्क्रम मात्र स्प्रिंट कितीही लांबीचा असो, 15 मिनिटांचाच.

आता स्क्रम ओपन. ही स्क्रमची प्रमाणपत्रं देणाऱ्या स्क्रम डॉट ऑर्ग या संस्थेची सराव चाचणी: 30 प्रश्न, 30 मिनिटं, कितीही वेळा देता येते. शेवटी चुकलेल्या उत्तरांचं स्पष्टीकरण मिळतं, आणि चाचणीचा खरा उपयोग तिथेच आहे. गुणांचा आकडा बघून खिडकी बंद करणाऱ्याने अर्धी शिकवणी फुकट घालवली म्हणायची.

नोकरीत 'अजाइल' बघितलेले लोक इथे नवख्यांपेक्षा जास्त चुकतात. ऑफिसातली सवय आणि गाइडमधला नियम यांत अंतर असतं आणि हात सवयीच्या बाजूने उत्तर टिचकतो. स्प्रिंट कोण रद्द करू शकतं? मॅनेजर नव्हे, फक्त प्रॉडक्ट ओनर, तेही स्प्रिंट गोल, म्हणजे त्या स्प्रिंटचं उद्दिष्ट, कालबाह्य झाला तर. स्प्रिंट सुरू असताना स्प्रिंट बॅकलॉग (त्या स्प्रिंटसाठी घेतलेली कामं) कोण बदलतं? डेव्हलपर्स. डेली स्क्रम कोणासाठी? डेव्हलपर्ससाठी. प्रॉडक्ट ओनर किंवा स्क्रम मास्टर स्वतः स्प्रिंट बॅकलॉगमधल्या कामाला हात लावत असतील, तर ते डेव्हलपर म्हणून त्यात येतात. आणि रिव्ह्यू म्हणजे डेमो नव्हे. ती काम करण्याची बैठक आहे, तिच्यातून बॅकलॉगमध्ये बदल होऊ शकतात. नुसती स्लाइड दाखवून टाळ्या घेण्याला गाइड रिव्ह्यू म्हणत नाही.

चाचणीचा दोष सांगायचा तर प्रश्न ठरावीक साठ्यातून येतात. पाच-सहा फेऱ्यांनंतर ओळखीचे चेहरे दिसू लागतात आणि शंभर टक्के पडतात, ते पाठांतराचे. त्यामुळे दोन फेऱ्यांत किमान एका आठवड्याचं अंतर ठेवावं आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला गाइडमधलं वाक्य शोधून शेजारी लिहावं.

पुढे पीएसएम 1 (प्रोफेशनल स्क्रम मास्टर) ही स्क्रम डॉट ऑर्गची सशुल्क परीक्षा द्यायची असेल तर वेगाचा हिशेब आधीच करा. 80 प्रश्न, 60 मिनिटं, उत्तीर्ण व्हायला 85 टक्के, म्हणजे 68 बरोबर. एका प्रश्नाला 45 सेकंद. ओपनमध्ये पूर्ण मिनिट मिळतो, म्हणून तिथे 22 मिनिटांत पेपर संपवायची सवय लावावी. पीएसएमला कोर्सची सक्ती नाही आणि प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. स्क्रम अलायन्स या दुसऱ्या संस्थेच्या सीएसएम (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) प्रमाणपत्राला कोर्स करावाच लागतो आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण असतं. तिथली परीक्षा तुलनेने सोपी, 50 पैकी 37 पुरतात. पण चांगला शिक्षक मिळाला तर कोर्समधल्या चर्चेतून जे हाती लागतं ते पीडीएफ देऊ शकत नाही.

इथवर कौतुक. आता गाइडमध्ये काय नाही ते बघू, कारण शिकणाऱ्याची फसगत तिथेच होते. यूझर स्टोरी (वापरणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं काम) नाही. स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज देणारे आकडे) नाहीत. व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेले पॉइंट) नाही, टास्क बोर्डही (कामांची स्थिती दाखवणारा फळा) नाही. रोजच्या कामात ज्यांचा जप चालतो त्यांतल्या बहुतेक गोष्टी बाहेरून आलेल्या आहेत. त्या वाईट नाहीत, पण वेगळ्या शिकाव्या लागतात.

सगळ्यात आधी शिकायची ती कामाची चिरफाड. 'ग्राहकाला ऑर्डर रद्द करता यावी' हे काम घ्या. नवशिका त्याचे डेटाबेस, स्क्रीन आणि टेस्टिंग असे आडवे तुकडे पाडतो. स्प्रिंट संपताना दोन तुकडे झालेले, तिसरा अर्धवट, आणि ग्राहकाच्या हातात शून्य. उभे तुकडे पाडा: आधी पाठवणी होण्यापूर्वीची पूर्ण ऑर्डर रद्द होऊ दे, पैसे सध्या माणूस हाताने परत करेल. मग परतावा आपोआप. मग ऑर्डरमधली एखादीच वस्तू रद्द करणं. प्रत्येक तुकडा एकटा वापरता येतो, आणि पहिल्या तुकड्यावरच ग्राहकाचा प्रतिसाद मिळतो. याच्या जोडीला डेफिनिशन ऑफ डन, म्हणजे काम 'झालं' कधी म्हणायचं त्याच्या अटी, कागदावर उतरवा: दुसऱ्याने कोड तपासला, टेस्ट पास झाल्या, चाचणीच्या सर्व्हरवर चढवलं, मदतीचा मजकूर बदलला. यातलं एकही राहिलं तर काम 'झालं' नाही. 'नव्वद टक्के झालंय' असा खाना बोर्डावर नसतो.

अंदाज बांधताना सरासरीपेक्षा पल्ला बरा. मागच्या तीन स्प्रिंटमध्ये 21, 26 आणि 19 पॉइंट झाले असतील तर सरासरी 22 येते. पण उरलेलं काम 130 पॉइंटचं असेल तर '130 भागिले 22, म्हणजे सहा स्प्रिंट' असं सांगून अडकू नका. 26 च्या वेगाने 5, 19 च्या वेगाने 7. 'पाच ते सात' हे उत्तर द्या. आणि या आकड्याचं उद्दिष्ट कधीच करू नका. व्हेलॉसिटी वाढवा असा हुकूम आला की तीन पॉइंटचं काम पाचचं होतं, आलेख चढतो, माल तेवढाच राहतो.

अजाइल म्हणजेच स्क्रम, हा समजही फक्त गाइड वाचल्याने पक्का होतो. अजाइलचा मॅनिफेस्टो, म्हणजे जाहीरनामा, फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्डला 17 जणांनी मिळून लिहिला. त्यात 4 मूल्यं आणि 12 तत्त्वं आहेत, वाचायला दहा मिनिटं पुरतात. तो गाइडच्या आधी वाचावा. मूल्यं डावीकडे 'चालणारं सॉफ्टवेअर' तर उजवीकडे 'सविस्तर डॉक्युमेंटेशन' अशा जोड्यांत आहेत, आणि त्यांच्याखालची शेवटची ओळ सोडू नये: उजवीकडच्या गोष्टींनाही मोल आहे, डावीकडच्यांना जास्त. ती ओळ गाळणारेच 'अजाइलमध्ये डॉक्युमेंटेशन नसतं' असं सांगत फिरतात.

ज्यांचं काम स्प्रिंटच्या चौकटीत बसतच नाही, म्हणजे रोज नव्या तक्रारी येणाऱ्या सपोर्ट टीमसारख्यांनी, गाइड वाचावं पण सराव कानबानचा, म्हणजे स्प्रिंटशिवाय बोर्डावर कामं पुढे सरकवत राहण्याच्या पद्धतीचा, करावा. तिथे मुख्य हत्यार म्हणजे हातातल्या कामांवर मर्यादा. लिटलचा नियम सांगतो की सरासरी लागणारा वेळ म्हणजे हातातली कामं भागिले कामं संपण्याचा वेग. 12 कामं उघडी आणि आठवड्याला 3 संपतात, तर एका कामाला सरासरी 4 आठवडे. उघडी कामं 6 वर आणली आणि वेग तोच राहिला, तर 2 आठवडे. बोर्डावरच्या खान्याच्या डोक्यावर आकडा लिहा, आणि तो भरला की नवं काम ओढण्याऐवजी शेजाऱ्याचं अडलेलं काम सोडवायला जा. पहिले पंधरा दिवस हा नियम सगळ्यांना जाचतो, कारण कुठे तुंबतंय ते उघडं पडतं, बहुतेक वेळा तपासणीच्या खान्यात.