विस्कॉन्सिनच्या मुलींचा आइस हॉकी हंगाम : एका नोंदसेवेचे परीक्षण

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचा क्रीडा विभाग आपल्या अधिकृत संकेतस्थळावर महिला आइस हॉकी संघाच्या प्रत्येक हंगामाची लेखी नोंद विनामूल्य उपलब्ध करून देतो. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. हॉकी म्हटले की ठाण्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मैदानी हॉकीच उभी राहते, आणि बर्फावरचा खेळ आपल्याकडे टीव्हीवरही क्वचितच दिसतो. तरीही २०२४-२५चा हंगाम मी नौपाड्यातील घरी बसून या नोंदींच्या आधारे वाचून काढला. एकही चित्रफीत न पाहता एखादा संघ इतका ओळखीचा होऊ शकतो, हे श्रेय या नोंदी ठेवणाऱ्यांचे आहे.

प्रत्येक सामन्यासाठी येथे तीन गोष्टी मिळतात : सामन्याचा वृत्तांत, आकडेवारीचा तक्ता आणि घडामोडींची क्षणाक्षणाची नोंद. वृत्तांत नीटनेटका असला तरी तो यजमानांच्या बाजूने लिहिलेला असतो, त्यामुळे मी तो शेवटी वाचते. खरा ऐवज तक्त्यात आहे. गोल कोणत्या सत्रात, कितव्या मिनिटाला व कितव्या सेकंदाला झाला, त्यासाठी पक, म्हणजे चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती, कोणाकोणाकडून आला, गोलरक्षक मुलीने किती फटके अडवले, कोणाला कशासाठी दोन मिनिटे बाहेर बसावे लागले, हे सर्व त्यात असते. वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा हा खेळ, गोलरक्षकासह सहा जणी बर्फावर, आणि खेळ न थांबवता होणारी खेळाडूंची अदलाबदल, एवढे समजले की तक्ता बोलू लागतो. महिलांच्या नियमांत अंगाची धडक देऊन प्रतिस्पर्ध्याला पाडण्यास मनाई आहे, त्यामुळे पक पुढे नेण्याचे काम बळापेक्षा स्केटिंगवर आणि अचूक पासवर अधिक अवलंबून असते, आणि त्याचे प्रतिबिंब आकड्यांत उमटते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण केसी ओब्रायन. या हंगामात तिच्या नावावर ८८ गुण आहेत, पण त्यांची फोड पाहिली तर २६ गोल आहेत आणि ६२ वेळा तिने इतरांच्या गोलला हातभार लावला आहे. एका गोलसाठी जास्तीत जास्त दोघींना साहाय्याचे श्रेय मिळते. त्या रकान्यात एकच नाव सामन्यामागून सामन्यात पुन्हा पुन्हा येऊ लागते, तेव्हा संघाचा खेळ कोणाभोवती फिरतो हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या वर्षीचा पॅटी कॅझमायर पुरस्कार, म्हणजे अमेरिकी महाविद्यालयीन महिला हॉकीतील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, तिलाच मिळाला. गोल करणाऱ्यांत लैला एडवर्ड्स ३५ गोलांसह देशात अव्वल ठरली. प्रशिक्षक मार्क जॉन्सन हे १९८०च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या अमेरिकी संघातले खेळाडू, आणि २००२पासून ते हा महिला संघ सांभाळत आहेत. ३८ विजय, एक पराभव आणि दोन बरोबऱ्या, असा या हंगामाचा अंतिम हिशेब आहे.

राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्याची नोंद मात्र घाईने वाचण्यासारखी नाही. २३ मार्च २०२५ रोजी मिनिआपोलिसमध्ये विस्कॉन्सिनसमोर ओहायो स्टेट हा गतविजेता संघ होता. हेच दोन संघ सलग तिसऱ्या वर्षी अंतिम फेरीत भेटत होते : २०२३मध्ये विस्कॉन्सिनने १-० असा विजय मिळवला होता, तर २०२४मध्ये ओहायो स्टेटने त्याच फरकाने परतफेड केली होती. या वेळी तिसरे सत्र संपत आले असताना ओहायो स्टेट ३-२ असा पुढे होता. शेवटच्या क्षणांत गोलसमोरच्या राखीव क्षेत्रात ओहायोच्या खेळाडूने पक हाताने झाकल्याचे व्हिडिओ तपासणीत दिसले आणि विस्कॉन्सिनला पेनल्टी शॉट, म्हणजे एकट्या खेळाडूने फक्त गोलरक्षकासमोर गोल करण्याची संधी, मिळाला. १८.९ सेकंद शिल्लक असताना कर्स्टन सिम्सने गोल केला. त्यानंतर अतिरिक्त वेळेत, २ मिनिटे ४९ सेकंदांनी, पुन्हा तिनेच गोल करून विस्कॉन्सिनला आठवे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. २०२३च्या अंतिम सामन्यातील एकमेव गोलही सिम्सचाच होता, आणि हे मला कोणी सांगितले नाही. जुना तक्ता उघडल्यावर ते दिसले. जुने हंगाम असे हाताशी ठेवणे हा या सेवेचा माझ्या मते सर्वांत मोठा गुण आहे.

मी स्वतः महाविद्यालयात कबड्डी खेळले आहे, त्यामुळे हे वाचताना आनंदाबरोबर हळहळही वाटते. चढाई, पकड, बोनस, लोण यांची नोंद आपल्याकडेही गुणलेखक सामना चालू असताना बारकाईने करतात. परंतु सामना संपल्यावर तो कागद कोठे जातो, हे खेळणाऱ्या मुलीला कधीच कळत नाही. ठाण्याच्या मैदानांवर घडलेल्या कितीतरी उत्तम कोपरारक्षक मुलींच्या पकडी आज केवळ त्यांच्या सहखेळाडूंच्या आठवणीत आहेत. भारताच्या महिला आइस हॉकी संघाने २०२५च्या आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, त्या संघात बहुसंख्य मुली लडाखच्या आहेत. त्यांच्याही प्रत्येक सामन्याची अशी नोंद सहज हाती लागावी, असे मला मनापासून वाटते.

नव्या वाचकाने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वेळा तेथील स्थानिक घड्याळाप्रमाणे असतात. हिवाळ्यात आपण साडेअकरा तास पुढे असल्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे शनिवारी सकाळी साडेसहाला सुरू होतो, आणि तो थेट आकडेवारीच्या पानावर चहा घेता घेता वाचता येतो. दुपारचे सामने मध्यरात्रीनंतर येतात, ते सकाळीच वाचावेत. साखळीतील बरोबरीनंतर शूटआउट झाले तरी हंगामाच्या हिशेबात तो सामना बरोबरीचाच धरला जातो, हे माहीत नसल्यास आकडे जुळत नाहीत. नियमांची ओळख या पानांवर नसते, ती आधी अन्यत्र करून घ्यावी लागते. इंग्रजीतील संक्षेपांची सवय व्हायलाही दोन-तीन सामने जातात. नुसता निकाल हवा असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही. खेळाडू ओळखायच्या असतील तर मात्र ही सेवा मी निःसंकोच सुचवेन, विशेषतः शाळा-महाविद्यालयांत मुलींचे संघ घडवणाऱ्या शिक्षकांना. सुरुवात २०२३, २०२४ आणि २०२५ या तीन अंतिम सामन्यांपासून, याच क्रमाने करावी : प्रत्येक वेळी आधी गोलांचा तक्ता पाहावा, मग तिसऱ्या सत्राची क्षणाक्षणाची नोंद वाचावी, आणि वृत्तांत सर्वांत शेवटी उघडावा.