सायलेन्सर घ्यायला गेलो आणि इअरमफ घेऊन आलो : धुळ्यातील एका शस्त्रदुकानाचा अनुभव

नेमबाजी क्लबचा सभासद या नात्याने माझ्याकडे पॉइंट टूटू (.२२, म्हणजे लहान गोळीच्या) रायफलचा परवाना आहे आणि गेली काही वर्षे मी पत्र्याच्या छताखालील रेंजवर सराव करतो. गेल्या हिवाळ्यात डाव्या कानात बारीक शिट्टी वाजू लागली, ती रात्री उशीला कान टेकवला की जास्तच जाणवे. कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख समोर ठेवला. ४००० हर्ट्झच्या आसपास रेषा खाली घसरलेली होती, म्हणजे त्या उंच सुरांचे ऐकू येणे कमी झाले होते. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे राहतो, म्हणून आधी तोच दुखावतो, आणि आतल्या ज्या सूक्ष्म पेशी मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितले.

परदेशी नेमबाजांचे व्हिडिओ पाहून रायफलच्या नळीच्या तोंडाशी आवाज दाबणारा सायलेन्सर बसवावा असे मनात आले होते. समाजमाध्यमावरील एक विक्रेता ‘एअरगनचा सुटा भाग’ म्हणून तो घरपोच पाठवायलाही तयार होता. तरीही आधी परवानाधारक दुकानात विचारावे, म्हणून अमळनेरहून धुळ्याला गेलो.

दुकानदार साठीचे. माझे बोलणे पूर्ण ऐकून ते म्हणाले, ‘‘भाऊ, हाई वस्तू मना दुकानमा नही.’’ मग त्यांनी शस्त्र अधिनियम, १९५९ ची वापरून मऊ झालेली प्रत काढून व्याख्येच्या कलमावर बोट ठेवले. गोळीबाराचा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी तयार केलेले उपसाधन हे आपल्या कायद्यात स्वतःच ‘अग्निशस्त्र’ ठरते. म्हणजे रायफलचा परवाना खिशात असला तरी त्यावर सायलेन्सर येत नाही आणि तो घरपोच मागवणाऱ्यावर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याचा गुन्हा येऊ शकतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत तो कायदेशीर आहे, पण तिथेही १९३४ च्या कायद्यानुसार अर्ज, बोटांचे ठसे आणि नोंदणी करावी लागते, ही गोष्ट त्या व्हिडिओंत कोणी ठळकपणे सांगत नाही.

सायलेन्सर साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो, आणि गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर हवेत उठणारा तडाखा त्याने थांबत नाही. स्पर्धेच्या पॉइंट टूटू गोळ्या बहुधा ध्वनीच्या वेगाखालीच असतात, त्यामुळे माझा प्रश्न नळीच्या तोंडच्या आवाजाचा होता. पॉइंट टूटूचा हा क्षणिक आवाज १४० डेसिबलच्या घरात जातो, मोठ्या रायफलचा १६० च्या आसपास किंवा त्याहून वर. उघड्या कानाला १४० ची मर्यादा मानतात. सायलेन्सर मिळणार नसल्याने मला हवे होते ते कानावरचे संरक्षण.

इथे या दुकानाची खरी किंमत कळली. त्यांनी तीन इअरमफ, म्हणजे हेडफोनसारखे कान झाकणारे संरक्षक, काढले आणि प्रत्येक वेळी मला काउंटरवरची रिकामी रायफल खांद्याला लावायला सांगितली. जाड वाटीचा, सर्वांत महागडा मफ दस्त्याला टेकून वर सरकत होता आणि डावी गादी गालापासून सुटत होती. माझ्या चष्म्याच्या काडीखालून त्यांनी करंगळी फिरवून दाखवले, ‘‘इथून आवाज आत शिरतो.’’ शेवटी बारीक वाटीचा मफ आणि पातळ काडीची जुनी फ्रेम हा जोड ठरला. सोबत फोमच्या बोळ्यांचे पाकीट घ्यायला लावले. बोळा बोटांत लाटून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, आत सरकवून तो फुगेपर्यंत धरून ठेवायचा. बोळा आणि मफ एकत्र वापरले तर दोन्हींच्या आवाज अडवण्याच्या आकड्यांची बेरीज होत नाही, जास्त आकड्याच्या साधनावर जेमतेम पाच डेसिबलची भर पडते. तरी पत्र्याखाली ती भर मोलाची आहे.

दोन महिने वापरून सांगतो, सरावानंतर येणारा कानातला बधिरपणा बंद झाला. शिट्टी पूर्ण गेलेली नाही, पण वाढलेलीही नाही. वैशाखातल्या उन्हात गादीखाली घाम साचतो आणि पाऊण तासाने मफ काढून पुसावा लागतो. गाडीत तापत राहिल्यास रेक्झिन कडक होऊन चिरते, म्हणून मी तो घरात ठेवतो. सुट्या गाद्या मात्र दुकानात नव्हत्या. मागवून ठेवतो म्हणाले, अजून फोन आलेला नाही.