हॉटेलचं एनर्जी ऑडिट: घ्यावं का? आमचा अनुभव

गणपतीपुळ्याला आमचं छोटं हॉटेल आहे. पावसाळ्यात खोल्या ओस पडतात, पण वीजबिल त्या मानाने उतरत नाही. म्हणून वीज कुठे आणि किती जाते याची तपासणी, म्हणजेच एनर्जी ऑडिट, करायला यंदा एका प्रमाणित ऑडिटरना बोलावलं.

त्यांनी आधी वर्षभराची बिलं आणि खोल्यांचं रजिस्टर मागितलं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं की एकही पाहुणा नसताना बरीच वीज जातेच. मग रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून वीजप्रवाह मोजायचं यंत्र) लावून एकेक लाइन तपासली. डीप फ्रीझरचं दाराचं रबर गेलेलं, टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह बिघडल्याने पंप सारखा चालू, रिकाम्या खोल्यांतले गीझर तापलेले. एवढ्या तपासणीतच माझ्या दृष्टीने फी वसूल झाली.

गरम पाण्याचा हिशेब त्यांनी कागदावर मांडला. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साधारण ३ युनिट लागतात, गीझर कुठलाही घ्या. हीट पंप तेच काम सुमारे एका युनिटमध्ये करतो, कारण तो उष्णता तयार न करता हवेतून खेचून आणतो. कोकणातली उबदार, दमट हवा त्याला मानवते. आषाढात सोलरवर भिस्त ठेवता येत नाही, त्यामुळे हा सल्ला मला फार पटला.

एसीचं मात्र वेगळं. इथे त्याचा मोठा जोर हवेतला दमटपणा काढण्यात खर्च होतो. समुद्रावरून आलेली मंडळी बाल्कनीचं दार उघडं टाकतात आणि रिमोट १८ वर नेतात. एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं बीईई (केंद्र सरकारची ऊर्जाबचतीचं काम पाहणारी संस्था) सांगते. २०२० पासून नवे एसी २४ वरच सुरू होतात, तेही याचसाठी. आमच्याकडे आणखी एक दुखणं निघालं: आउटडोअर युनिटं अरुंद डक्टमध्ये कोंबलेली, स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढणारी, आणि खाऱ्या वाऱ्याने पत्रे सडलेले. ती गच्चीवर हलवायची आणि बाल्कनीच्या दाराला, ते उघडलं की एसी बंद करणारा स्विच बसवायचा, असं ठरलं आहे. की-टॅग (किल्लीचा टॅग काढला की खोलीची वीज बंद करणारी सोय) लावताना फ्रिजची लाइन वेगळी ठेवा हेही त्यांनी बजावलं. आत कोणाची औषधं असू शकतात.

आता उणिवा. अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत. ज्या पोरांनी रोज स्विच बंद करायचे, त्यांना तो वाचताच येत नाही. मी एक पान मराठीत लिहून पॅन्ट्रीत लावलं, पण ते ऑडिटरनीच द्यायला हवं होतं. शिवाय ऑडिट जुलैत झालं, म्हणून एसीचे आकडे बरेचसे अंदाजाचे आहेत.

बोलावणार असाल तर एक मोजणी हॉटेल रिकामं असताना आणि दुसरी मे महिन्यातल्या भरल्या शनिवारी करून घ्या. फी ठरवतानाच दोन्ही भेटी लिहून घ्या.