कास-बामणोली की चांदोली?

सप्टेंबरात निघणार असाल तर मी डोळे झाकून कास-बामणोलीच सांगेन. साताऱ्यापासून कास 25 किलोमीटरच्या आसपास. 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम बोटभर. त्यातच सीतेची आसवं नावाची फुलं उगवतात. वाकून पाहिलं तर निळ्या-जांभळ्या पाकळीवर दोन पांढरे ठिपके दिसतात. एक चुकीचं पाऊल पडलं तरी ती चिरडतात, म्हणून पायवाट सोडू नका. मुक्काम मात्र खाली बामणोलीत, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठच्या एखाद्या घरी करा. चुलीवरची भाकरी मिळते आणि पैसे गावातच राहतात. पठाराला खेटून उभी राहणारी रिसॉर्टं मला अजिबात पटत नाहीत.

सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याकडून जायचं चांदोली म्हणजे खरं रान. 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 मध्ये कोयना अभयारण्यासोबत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. इथं गवा आहे, शेकरू आहे. दिसेलच असं नाही. पावसाळ्यात बंद असतं, त्यामुळे हिवाळ्यातच जा. सोयी बेताच्याच, पण रात्रीचा तो अंधार आणि शांतता कासला गर्दीच्या दिवसांत मिळत नाही.

लहान मुलं सोबत असतील तर बामणोली. एकट्यानं जाणार असेन, तर मी चांदोलीच निवडतो.