जिल्हा परिषदेची शाळा की खासगी अनुदानित? कारभार आणि पैसा

दोन्हीकडे मान्य पदांचा पगार राज्य सरकारच देते. फरक पडतो तो नेमणुकीत आणि वरखर्चात.

जिल्हा परिषदेची शाळा केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी या साखळीत चालते आणि शिक्षकांच्या बदल्या होत राहतात. अनुदानित शाळेत नेमणूक संस्था करते, पण त्या शिक्षकाच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आल्याशिवाय अनुदानातून पगार निघत नाही. ती फाइल अडकली की शिक्षक बिनपगारी राबतो, आणि हे फार वाईट आहे.

वरखर्चासाठी अनुदानित शाळेला वेतनेतर अनुदान असते. जिल्हा परिषदेच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळते. निकष असा: पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 असेल तर 25,000. खडू, वीजबिल, गळका नळ, सगळे त्यातच.

लहान शाळेचे खरे दुखणे मात्र शिक्षकसंख्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 पटापर्यंत 2 शिक्षक. एक प्रशिक्षणाला गेला की पाचही वर्ग एकाच्या गळ्यात.

शाळा निवडताना व्यवस्थापन समितीची इतिवृत्त वही मागून बघा. समितीत 75 टक्के पालक हवेत. सह्या आहेत पण चर्चा नाही, असे दिसले तर समिती कागदावरच आहे.